पंख्याचा आवाज

४ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू रडतेस आणि मी ओरडतो, म्हणून हे पत्र. सोबतच्या मेमरी कार्डात खाणीच्या पंख्याचा आवाज आहे. पाळी संपल्यावर पंखाघराच्या भिंतीला टेकून मी तो भरून घेतला. फाटकावरच्या माणसाला वाटलं, माझं डोकं फिरलंय.

बाबा झोपत नाहीत, याचा इलाज औषधात नसावा. उभी हयात त्यांनी तो पंखा चालवला. पंखा थांबला की खाली वायू साचतो आणि माणसं गुदमरतात, हे त्यांच्या हाडांत भिनलंय. सगळ्यांचे बिल्ले फळ्यावर लागले, म्हणजे सगळे वर आले, हे पाहिल्याशिवाय ते कधी घरी आले नाहीत. तुझ्या घरातल्या शांततेने ते घाबरत असणार. तेव्हा एखादा बरा स्पीकर घे आणि हा आवाज अखंड लावून बघ. खिशाला झेपेल असाच घे, आणि आधी वाजवून बघ.

मुलांना पापा.

तुझा धाकटा

१३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

शिवणाची कामं बाजूला ठेवून बाजार पालथा घातला. आधी शेजारणीचा मुठीत मावणारा स्पीकर मागून आणला. त्यातून पंखा कसला, डास ऐकू आला. बाबांनी तो हाताने हाकललासुद्धा! टीव्हीखाली ठेवायची ती लांब पट्टी दुकानात ऐकली. तिच्यातून बोलणं स्वच्छ येतं, पण पंख्याची घरघर म्हणजे नुसती खरखर. कपाटावर ठेवायची जोडी गोड वाजते, पण तिला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो, म्हणजे वर आणखी खर्च.

शेवटी दोन छोटे डबे आणि जमिनीवर ठेवायचा मोठा वूफर, असा संच ऐकला. तुझं कार्ड लावल्यावर दुकानदाराला वाटलं डबा बिघडला, त्याने घाईघाईने गाणं लावलं. मी म्हटलं, गाणं बंद करा, मला तेच हवंय. जमिनीची थरथर तळपायांना कळली आणि खाणीजवळचं आपलं घर आठवलं. मला तिथेच रडू कोसळलं. बिचाऱ्याने किंमत कमी केली.

त्यात दोन प्रकार आहेत. एकाचं बटण मागे, आपण बंद करेपर्यंत तो चालूच. दुसरा आवाज नसला की आपोआप बंद होतो, वीज वाचते. कुठला घेऊ ते कळव. बाबा दारात उभे राहून फळा भरला का विचारतात. असेच जागत राहिले तर फार दिवस काढणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. मला भीती वाटते रे.

तुझी वाट पाहणारी,
ताई

२० फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आपोआप बंद होणारा घे. तू गरम इस्त्री विसरणारी बाई, मागचं बटण तुझ्या काय लक्षात राहणार! झोप लागली की मला लगेच कळव.

तुझा (रागावू नकोस) धाकटा

१५ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर फक्त बाबा पडले एवढंच बोलता आलं. बाकीचं लिहिते.

स्पीकर लावल्या दिवसापासून ते झोपत होते. वूफरवर हात ठेवायचे आणि डोळे मिटायचे. दोन घास जास्त जेवायला लागले. मला वाटलं, सुटलो. पण आमची जमीन म्हणजे खालच्यांचं छत. ते तक्रार घेऊन आले, त्यांचंही चूक नाही. मी आवाज अगदी बारीक केला आणि दुपारी शिवलेले कपडे पोचवायला गेले. इतका बारीक आवाज त्या डब्याच्या लेखी आवाजच नव्हता. तो आपोआप बंद पडला.

पंखा थांबला, म्हणून बाबा चालू करायला धावले. मी आले तेव्हा जिन्याच्या तळाशी होते. खुबा मोडलाय, छातीत कफ साठलाय. मी शपथेवर सांगते सगळे वर आले, तर मान फिरवतात. माझ्यामुळे माणसं मेली, एवढंच म्हणतात. या ओझ्याखाली त्यांना जाऊ देऊ नकोस. ये, आणि येताना बिल्ले आण.

ताई

२ एप्रिल

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा शांत गेले ना, असं तू विचारलंस आणि मी मान डोलावली. ते खोटं होतं. तू औषधं आणायला खाली गेली होतीस, तेव्हाची गोष्ट.

पाळीतल्या सगळ्यांनी आठवड्याच्या सुट्टीपुरते आपापले बिल्ले मला दिले होते. ते बाबांच्या पांघरुणावर मांडले. त्यांनी एकेक हातात घेतला, त्यावरचा आकडा अंगठ्याने चाचपला. चेहरा निवळत गेला. मग पुन्हा सगळे चाचपले, आणि धाकट्याचा कुठाय, असं विचारलं.

रजेवर जाताना आपला बिल्ला कचेरीत जमा करावा लागतो, ताई. मीही केला होता. दुसऱ्यांचे गोळा करण्याच्या नादात ते माझ्या ध्यानातच आलं नाही. मी त्यांचा हात धरून म्हणालो, बाबा, मी हा समोर बसलोय. त्यांनी हात सोडवून घेतला आणि पांघरुणात शोधत राहिले. तू वर येईपर्यंत तो हात थांबला होता.

स्पीकरवरून स्वतःला दोष देऊ नकोस. तो घे म्हणून मीच लिहिलं होतं.

काल कामावर रुजू झालो, बिल्ला परत मिळाला. पाळी संपल्यावर तो फळ्यावर लावला आणि तिथेच उभा राहिलो. मागची माणसं खोळंबली. पंखा चालूच होता.

रागावलीस तरी दोन ओळी पाठव.

तुझा धाकटा