पिवळ्या संघाला सूट शून्य

३ फेब्रुवारी
पीटीचे सर पाय मोडून घरी. मोठ्या सरांनी खेळाच्या तासाची टूर्नामेंट माझ्यावर सोपवली! मी मैदानाचा शिपाई. चुन्याच्या रेघा मारणे, बॉलमध्ये हवा भरणे, स्टोअरची किल्ली सांभाळणे. म्हणाले, "नीट पार पाड, मग असिस्टंट कोचचं बघू." बघू म्हणजे झालंच. नाहीतर महिनाअखेर कॉन्ट्रॅक्ट संपतंय, पण तो विचार करायचा नाही. गावी आबांना फोन केला, कोच झालो.
उद्यापासून पाचला उठणे. तंबाखू बंद.

४ फेब्रुवारी
साडेसातला उठलो. तंबाखू उद्यापासून.

५ फेब्रुवारी
व्हॉलीबॉलचे चार संघ. लाल दरवर्षी जिंकतात, पिवळे दरवर्षी सपाटून मार खातात. पीटीच्या सरांच्या कपाटात पुस्तक सापडलं. हँडिकॅप टूर्नामेंट! कच्च्या संघाला आधीच गुणांची सूट द्यायची, म्हणजे सामना तोडीस तोड. पुस्तक इंग्रजी. माझी शाळा आठवीत सुटली, पण चित्रं बघून सगळं समजलं. आधी सराव सामने. जो जेवढ्या गुणांनी हरेल, तेवढी त्याला सूट. नियम बोर्डावर मोठ्या अक्षरात लावला. लपवाछपवी आपल्याला जमत नाही.

९ फेब्रुवारी
सराव सामने. लालची प्रत्येक सर्व्हिस नेटमध्ये. कॅप्टन म्हणाला, "दादा, आज खांदा धरलाय." सहाही जणांचा धरला होता. वॉर्म-अप वाढवणे. निळे बॉल आला की वाट देत होते. हिरव्यांना एकदम चक्कर.
पिवळे तिन्ही सामने जिंकले! त्यांची कॅप्टन, चष्मा दोरीने बांधलेली पोरगी, धावत आली. "दादा, आम्ही खरंच जिंकलो?"
"मग काय खोटं?"
एका आठवड्यात हा रिझल्ट. कोचिंग रक्तातच लागतं.

१० फेब्रुवारी
सूट जाहीर. लाल १२, निळा १२, हिरवा ११. पिवळा शून्य, कारण सगळ्यात तगडे.
लायब्ररीच्या बाईंनी बोर्ड वाचला. "अरे येड्या, पोरांनी तुला विकून खाल्लं की."
जळतात.

१४ फेब्रुवारी
पहिला सामना लाल विरुद्ध पिवळे. लालचे खांदे बरे झाले होते. बारावरून सुरुवात, तीन सर्व्हिस, पंधरा-शून्य. निळ्यांनीही तेच केलं, हिरव्यांनीही. मोठे सर म्हणाले, "माझा चहा गार व्हायच्या आत आटोपलं की तुझं." वारा उलटा होता, हे त्यांना सांगायला हवं होतं.
कप लालने नेला. पिवळ्यांच्या कॅप्टनने चष्म्याची दोरी सोडली. "दादा, सराव सामने मोजायचे ना?"
मोजायचे, म्हणालो. तिने मान हलवली. माझी समजूत काढल्यासारखी.

१५ फेब्रुवारी
बाईंनी पुस्तकातलं ते पान वाचून दाखवलं. पुढचीच ओळ: सूट कशी ठरणार, हे खेळाडूंना आधी सांगू नये.
त्या ओळीला चित्र नव्हतं.

२८ फेब्रुवारी
पीटीचे सर काठी टेकत आले. त्यांना स्टोअरची किल्ली दिली. मोठ्या सरांनी कागदावर सही घेतली. "बघू" म्हणाले नाहीत.
बॅग भरताना आबांचा फोन. "काय कोचसाहेब, कोण जिंकलं?"
"पिवळे," म्हणालो.
"तुझेच ना ते?"
हो म्हणालो.