दिघेसाहेबांविरुद्ध दोघे

माहूज, बहरीन
शनिवार, १२ नोव्हेंबर १९८३

प्रिय अरुणाताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. तू पाठवलेला फराळ पोचला. अनारसे वाटेत थोडे मोडले, पण चव तुझ्याच हातची. इथला उकाडा एकदाचा संपला, संध्याकाळी खिडक्या उघड्या टाकता येतात. ऋचाला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीत. तुझं पत्र वाचून दाखवलं तर म्हणाली, "मावशी इज स्टिल अँग्री."

सख्ख्या भाचीच्या, स्मिताच्या लग्नाला आम्ही आलो नाही, याचा राग अजून आहे, हे मलाही कळलं. त्याबद्दल लिहितेच. आधी इथली बातमी.

काल आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षाची निवडणूक झाली. दिघेसाहेब कित्येक वर्षं अध्यक्ष. निम्मी मंडळी त्यांच्याच कंपनीच्या व्हिसावर, त्यामुळे विरोधात उभं राहायची कुणाची छाती नव्हती. यंदा एक सोडून दोघे उभे राहिले. एक आमचा सदानंद. दुसरे कॉर्नेलियस तुस्कानो, वसईचे, झल्लाकच्या एका हॉटेलात स्टोअर सांभाळतात.

महिनाभर कुणाच्याही घरी जा, या दोघांची तुलना. सदानंदचा मित्र विलास आमच्याच हॉलमध्ये बसून म्हणाला, "सदानंदला मंडळाची घटना तोंडपाठ आहे. चार माणसांत बोलेल, इंग्रजीत पत्रं लिहील. कॉर्नेलियस माईकसमोर उभा राहिला की घामाघूम!"

त्याची बायको म्हणाली, "भाषण वर्षातून एकदा असतं. माणसाला अडचण कधीही येते. तेव्हा धावत कोण येईल, ते बघा."

विलासला खरी काळजी वेगळीच होती. दोघे राहिले तर मतं फुटणार आणि दिघेसाहेब आरामात निवडून येणार. "एकाने माघार घ्या," तो म्हणाला.

"मग त्याला सांग," सदानंद म्हणाला.

मी चहाच्या निमित्ताने आत गेले. मला कुणी विचारलं असतं तर मी कॉर्नेलियसचं नाव घेतलं असतं, ताई. स्वतःच्या नवऱ्याला सोडून. का, ते सांगायचं तर जूनपासून सांगावं लागेल.

रमजान होता. रोजा सुटायच्या वेळी रस्त्यावर सगळ्यांचीच घाई असते. सदानंद कारखान्यातून परत येत होता. मआमीरच्या वळणावर एक म्हातारे गृहस्थ अचानक आडवे आले आणि गाडीचा धक्का लागून पडले. मांडीचं हाड मोडलं, शुद्ध हरपली. पोलिसांनी सदानंदला ठेवून घेतलं. म्हातारे वाचतात की नाही हे कळेपर्यंत सोडणार नव्हते.

मी दिघेसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, पोलिसांच्या भानगडीत मंडळ पडत नाही. नाव खराब होतं." आणि फोन ठेवला.

कॉर्नेलियसना मी फक्त गणपतीत खुर्च्या मांडताना पाहिलेलं. कुणाकडून तरी कळलं म्हणून ते आले. बरोबर महमूद, त्यांच्या हॉटेलातला, इथलाच माणूस. दारातूनच म्हणाले, "शुभदाबाय, रडायचं नंतर. आधी नवरा कुठल्या चौकीत आहे ते सांग." महमूदला घेऊन त्यांनी चौकी गाठली. कॉर्नेलियस रोज हॉस्पिटलात त्या म्हाताऱ्यांच्या मुलांजवळ जाऊन बसत. त्यांना अरबी छान येतं. पहिल्या दिवशी मुलांनी तोंड फिरवलं. तरी ते दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशीही. म्हातारे शुद्धीवर आले आणि महमूदच्या जामिनावर सदानंद घरी आला. पासपोर्ट मात्र केस संपेपर्यंत पोलिसांकडेच राहणार होता.

रजा मिळाली नाही, असं मी तुला लिहिलं. रजा मिळाली होती गं. साड्यासुद्धा घेऊन ठेवल्या होत्या. पण सदानंदला देशाबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं, त्याला एकटं टाकून माझा पाय निघेना, आणि त्याने शपथ घातली होती, पुण्याला कळता कामा नये, आईंच्या जिवाला घोर नको. लग्नाच्या दिवशी मुहूर्ताच्या वेळी मी देवापुढे अक्षता वाहिल्या आणि ऋचाला म्हटलं, डोळ्यात धूळ गेली.

पुढचं तर त्याहून विचित्र. सदानंद कॉर्नेलियसना टाळायला लागला. ज्याने आपल्याला कोठडीत बसलेलं पाहिलं, त्याच्यासमोर याची मान वर होईना. दिघेसाहेबांच्या रागाने तो निवडणुकीला उभा राहिला, आणि कॉर्नेलियसही उभे आहेत म्हटल्यावर हट्टालाच पेटला. आम्ही घरात या विषयावर बोलणंच सोडलं.

गेल्या आठवड्यात महमूदचा फोन आला. "खलास, मॅडम, खलास!" म्हातारे काठी घेऊन चालायला लागले, मुलांची तक्रार नाही, केस बंद, पासपोर्ट परत. मी फोनवरच रडले. पण सदानंदने माघार घेतली नाही.

काल सभेत तिघांना बोलायचं होतं. दिघेसाहेब गणेशोत्सवाच्या रोषणाईवर खूप वेळ बोलले. कॉर्नेलियस उठले, कपाळ पुसलं, "मला भाषण नाय येत. काय लागलं तर फोन करा," म्हणाले आणि बसले. मग सदानंद. उठला, लिहून आणलेला कागद खिशात घातला.

"जूनमध्ये मी पोलीस कोठडीत होतो," तो म्हणाला.

त्याने सगळं सांगितलं. "अध्यक्ष आले नाहीत, त्याचा राग म्हणून मी उभा राहिलो. पण जो आला, तो इथेच बसलाय. त्याच्याविरुद्ध मी तुमच्याकडे मत कोणत्या तोंडाने मागू? माझं नाव काढा."

"अरे, बस ना खाली," कॉर्नेलियस पुटपुटले. त्यांना कुठे बघावं कळेना.

दिघेसाहेब म्हणाले, "ही वैयक्तिक बाब आहे."

मागून विलासची बायको म्हणाली, "मग मंडळ कशासाठी आहे?"

कॉर्नेलियस भरपूर मतांनी निवडून आले, ताई. दिघेसाहेबांच्या कंपनीतल्यांनीसुद्धा मतं दिली असणार, त्याशिवाय एवढी होत नाहीत. बाहेर सदानंद त्यांच्याकडे गेला. काय बोलले कोण जाणे, पण दोघे मोठ्याने हसत होते. किती महिन्यांनी त्याचं हसू ऐकलं मी.

घरी आल्यावर तो पोटभर जेवला. हात पुसता पुसता म्हणाला, "आता ताईंना लिही. सगळं लिही."

म्हणून लिहिलं. नाताळच्या सुट्टीत आम्ही तिघं येतोय, तिकिटं काढली. जावईबापूंना अजून पाहिलंही नाही. तुला रागवायचं असेल तर समोर बसवून रागव, मी ऐकून घेईन. एवढंच कर, आईंना हे सगळं आम्ही तिथे पोचल्यावरच कळू दे. सदानंद धडधाकट समोर दिसला म्हणजे त्या घाबरणार नाहीत.

आता तुझ्यापासून लपवायला जिच्याकडे काही उरलं नाही, ती
तुझी शुभदा