दीड एकर माळढोकाचा, चिंच गिधाडांची

मी इंद्रभान किसन वानखडे, वय सव्वीस, शिक्षण चौथी, धंदा शेती, मुक्काम सुलतानपूर, तालुका मेहकर. परवा अकोल्यास माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात भीती नाही. मला आहे. म्हणून शुद्धीवर असताना, कोणाच्या दाबाखाली नसताना, दोनदा कच्चे लिहून ही प्रत पक्की करतो.

१. घर आई कलाबाईचे. बैलजोडी व नांगर थोरला भाऊ जानराव यास.

२. शाईचा पेन भगवंतराव गुरुजींना परत. शाळा सुटल्यावरही त्यांनी मला ओसरीवर बसवून ऱ्हस्वदीर्घ शिकवले, आणि घरच्याच माठातले पाणी दिले. हे उपकार फिटणारे नाहीत.

३. हाडकीलगतचा, म्हणजे गावाची मेलेली ढोरे टाकतात त्या जागेजवळचा, दीड एकर पडीत व त्यातली चिंच बहीण पंचफुला हिला. नांगर भावाला आणि जमीन बहिणीला, हे मुद्दाम केले आहे. जमीन नांगरू नये. चिंच विकू नये.

४. कारण लिहितो. सत्तावन्न साली आमच्या लोकांनी ढोरे ओढणे सोडले. गाव म्हणाले, रोगराई येईल. आली नाही. गिधाडे दुपारपर्यंत बैलाची हाडे करीत. बाबा म्हणत, "आपलं काम त्यायनं घेतलं, म्हणून तू शाळेत गेला." गिधाडांची घरटी या चिंचेवर आहेत. पडितात माळढोकाची मादी वर्षाला एकच अंडे घालते.

५. फॉरेस्टचा गार्ड शिकारबंदीचा नवा कायदा वाचून गेला. यादीत माळढोक होता. मी विचारले, "अन् गिधाड?"
"गिधाडं काय संपतात बे? ढोरं मरतात तवर गिधाडं!"
सगळे हसले, जानराव सर्वांत मोठ्याने. पण आजोबाही म्हणत, "गवत हाय तवर ढोक हाय." गवत आहे. यंदा मादी एकच दिसली.

६. माझी वही पंचफुलाला. माळढोकाच्या रकान्यात आकडे आहेत. गिधाडांच्या रकान्यात सहा वर्षे मी 'पुष्कळ' लिहिले. ऱ्हस्वदीर्घ बरोबर, शब्द चूक. बाई, यापुढे आकडा लिहीत जा.

आज सकाळी चिंचेखाली गिधाडे मोजायला जानराव आपणहून आला. माझी एकतीस भरली, त्याची बत्तीस. "तुले मोजता येत नाही बे," म्हणाला, "परत ये, मग पाहू." त्याचाही मी आभारी आहे. तोवर रकाना कोरा ठेवला आहे.

सही: इंद्रभान किसन वानखडे
साक्षीदार: भगवंतराव गुरुजी (सही), पुंजाजी इंगळे (अंगठा). दोघांनाही यात जमिनीचा वाटा नाही.
सुलतानपूर, ता. १४ नोव्हेंबर १९७३