तिसरं बोट

प्रिय अक्का,

तरीबी मी म्हणतो, आईचा फोटो दाखवायला नको होतास. ऑपरेशनात अर्धा जबडा गेल्यावर आईनं मरेपर्यंत तोंडावरचा पदर काढला न्हाई, आणि तू तो भर सभेत काढलास. गावच्या ग्रुपवर व्हिडिओ आला आणि इथं सेलममधी, गलाईच्या दुकानात चांदी गाळता गाळता जोडीला कामाला असलेल्या बाळासोनं विचारलं, ही तुझी आई का रं? त्या दिवशी फोनवर तुला नको ते बोललो. पगारासाठी आईला विकलीस म्हणालो. महिना झाला, तू उलट एक शब्द बोलली न्हाईस. भांडली असतीस तर बरं झालं असतं.

तुझा पगार मला ठाऊक हाय गं. कवठे महांकाळला आरोग्य खात्यात नवीन लागलीस तवा तुझ्या स्कूटीमागं मीच बसायचो, तक्त्यांची गुंडाळी धरून. गावात शिरलो की बाया ओरडायच्या, "आली गं तंबाखूबाई, डब्या लपवा!" तू हसायचीस, त्यांच्यासंगं शेंगा फोडत बसायचीस, आणि उठताना एकीच्या हातात छोटा आरसा ठेवायचीस. मिश्री लावायच्या आधी एकदा तोंड उघडून बघ, म्हणायचीस. अकरा वर्षं तेच. दारू सोडवायला गेलीस तिथं शिव्या खाल्ल्यास. दोन स्थळं मोडली. मला वाटायचं, अक्काला दुसरं काय जमतच न्हाई.

सभेत तू सांगितलंस, ऑपरेशननंतर आईनं मिश्री सोडली. न्हाई सोडली, अक्का. सांगलीच्या दवाखान्यात तू डॉक्टरांकडं गेलीस की ती माझा हात धरायची. बोलता येत नव्हतं, नुसतं बोट ओठावरनं फिरवून दाखवायची. मी घरी तव्यावर तंबाखू भाजली, काडेपेटीत भरली आणि तिच्या उशीखाली ठेवली. दोनदा. तुला वास आला तवा मी शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीवर ढकललं, आणि तू तिला लय बोललीस. सहा वर्षं हे पोटात हाय. म्हणून फोटो बघून एवढा भडकलो.

तो व्हिडिओ मी चार वेळा बघितला. शेवटाला तू सांगतेस, उभी तीन बोटं तोंडात घालून बघा, जात नसली तर लगेच डॉक्टरला दाखवा. न्हाणीचं दार लावून घातली. दोनच गेली. भाजी जराशी तिखट असली की आग होती, डाव्या गालाला आतनं पांढरं झालंय. भट्टीपुढं तरतरी राहती म्हणून इथं आल्यापासून गुटख्याची पुडी खात होतो. तंबाखूबाईचा भाऊ, आणि तुला पत्ता लागू दिला न्हाई.

फोनवर बोललो तर रडू येईल म्हणून लिहितोय. सोळा तारखेच्या गाडीनं निघतोय. सांगलीला तूच नेऊन दाखव, आणि काय निघंल ते मला खरं सांग. फोटो दाखवत जा. व्हिडिओ बघितल्यापासून पुडीला हात लावला न्हाई, पण तिसरं बोट अजून जात न्हाई.

तुझाच भांडखोर
ज्ञानू

ता. क. : आरसे घ्यायला पैसे पाठवलेत. पुडी दहाची, दिवसाला चार, एकतीस दिवस. एक हजार दोनशे चाळीस रुपये.