शेतदेवाला लावलेलं कुंकू

बाबा, आज रविवार. पाहुण्यांना विमानतळाच्या बसमध्ये बसवून आलो, हॉटेलची गाडी धुतली आणि पाच वाजता लिहायला बसलो. जपानच्या दक्षिणेला, डोंगरात, गरम पाण्याच्या झऱ्यांजवळच्या हॉटेलात मी गाद्या घालतो, ताटं उचलतो. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं, त्यामुळे याहून मोठं काम मी मागितलंही नाही. पण मागच्या महिन्यात मालकीणबाई म्हणाल्या, "तोक्योहून तुमच्या भाषेचे पाहुणे येताहेत. त्यांना आपला 'गुन' दाखवा. जमलं तर तुमचा करार वाढवू." गुन म्हणजे आपल्याकडच्या तालुक्यासारखा. जमलं नाही तर मार्चमध्ये परत. आणि परत येऊन करायचं काय, हे मला ठाऊक नाही.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. गडावर तुम्ही पर्यटकांना माहिती सांगायचात. एकदा जेवताना मी विचारलं होतं, त्या टाक्याची गोष्ट दर वेळी वेगळी का सांगता? तुम्ही आमटी ओरपत म्हणालात, "माणसं एवढी चढून येतात, त्यांना काय माझ्या शंका सांगू?" मला ते जमत नाही. मी सगळं दोनदा तपासून लिहून काढलं. चहाचे मळे दाखवले. पूर्वी इथल्या सरदारांनी एका बौद्ध पंथावर बंदी घातली होती, तेव्हा लोक ज्या गुहेत लपून बुद्धाचं नाव घेत, तीही दाखवली. तोक्योतल्या हिगाशी-कसाईत वाढलेली एक मुलगी जपानीत विचारते, "आवाज बाहेर जायचा नाही?" मला माहीत नाही. मी तसं सांगतो आणि कपाळाला घाम येतो.

मग भातशेताच्या बांधावरचा दगडी शेतदेव. हातात भाताचा डाव, चेहरा हसरा. पीक चांगलं यावं म्हणून पूर्वी एका गावचे लोक दुसऱ्या गावचा देव गुपचूप उचलून नेत आणि दोन-तीन वर्षांनी तांदूळ, दारू घेऊन वाजतगाजत परत आणून ठेवत, असं मी सांगितलं. एक इंजिनिअर म्हणाला, "अरे, माझ्या बॅगेत अजून सात किलो बसतं!" त्याची बायको म्हणाली, "आधी स्वतःचं पोट बसव." सगळे हसले, मीही हसलो, आणि तेवढ्यात त्याच्या आईने पर्समधली कुयरी काढून देवाला हळदकुंकू लावलं. "शेताचा देव ना रे? मग बोडका कसा ठेवायचा?"

शेताचा मालक पलीकडे पेंढा वाळत घालत होता. तो आला. "हे काय लावलं?" पाहुण्यांनीच केलं, मला कळलं नाही, असं म्हणता आलं असतं. मी वाकून म्हणालो, "आमच्याकडे देवाला असं लावतात. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, ते माझं काम होतं." त्याने वाकून देवाचं तोंड नीट पाहिलं. "आम्हीही रंगवतो. पण वसंतात, आणि गावची मुलं रंगवतात." एवढं बोलून निघून गेला. काकू मला विचारत होत्या, "काय म्हणाला? आवडलं ना त्याला?" मी म्हणालो, "हो काकू, चला, बस चुकेल."

परत आलो तर मालकीणबाई दारातच. "शेताच्या मालकाचा फोन आला होता. चिडलाय. उद्या सकाळी साकेची बाटली घेऊन माफी मागायला जायचं, मीही येते. आणि पुढच्या ग्रुपला आधीच बजावा, हात लावायचा नाही."

"पुढच्या ग्रुपला?"

"नोव्हेंबरात येतोय. तुम्हीच नेणार ना?"

मी लगेच हो म्हणालो. त्या म्हणाल्या, माहिती सांगायची सवय दिसते, कुठे शिकलात? मी म्हणालो, वडील गाईड आहेत. त्या खूश झाल्या. "मग वसंतात बोलवा की त्यांना. शेतात पाणी भरलं की इथे फार छान दिसतं. खोली मी देईन."

खरं सांगायला तोंड उघडलं होतं, बाबा. पण मी म्हणालो, पत्र टाकून विचारतो.