काकांसाठी खोली

४ नोव्हेंबर १९९८
गाडी अखेर भंगारवाल्यानं ओढून नेली. उद्यापासून गॅरेजची खोली व्हायची! ह्यांचे दत्तात्रेयकाका नाशिकहून काशीवासाला येणार. म्हणजे इथंच राहायचं, इथंच मरायचं, काशीची वेस ओलांडायची नाही. वय एकोणनव्वद. सेवा कोण करणार, हे विचारायचं कशाला — मी आहेच.

५ नोव्हेंबर
सहा वर्षांपूर्वी माझ्या आईनं सांगलीहून हेच मागितलं होतं. ‘एक कोपरा पुरे’, पोस्टकार्डावर लिहिलं होतं. तेव्हा हे म्हणाले, "जागा कुठाय? गॅरेजात ठेवायचं का त्यांना?" वर हसले. आणि मी गप्प बसले! आई तिकडेच दवाखान्यात वारली. मी पाठवलेला गंगेचा गडू फोडून दोन थेंब तोंडात घातले म्हणे. लेक काशीत आणि आईला दोन थेंब.

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. दुसरं काय.

९ नोव्हेंबर
मिस्त्रीनं शटर काढलं. जमिनीला रस्त्याकडे उतार आहे, खाट सरकेल म्हणतो, भर घालावी लागेल. तेलाचे डाग घासून माझे हात सोलले.

१२ नोव्हेंबर
ह्यांनी दार चार फुटी ठेवायला सांगितलं. एवढं रुंद कशाला, मिस्त्रीला कळेना. तर म्हणे तिरडी निघायला अडचण नको! सासूबाईंच्या वेळी पुढच्या दारातून तिरकी करावी लागली होती. तो माणूस अजून नाशकात चहा पितोय आणि इथं मापं चाललीत. आधी हसू आलं. मग इतका संताप आला की वरणाला मीठ घालायचं राहिलं.

१७ नोव्हेंबर
मोरी-संडास झालं. भिंतीला धरायला दांडा, पूर्वेला खिडकी. छान झालीय हो खोली — तेच सोसवत नाही. जेमतेम बारा दिवसांचं काम होतं!

जेवताना बोललेच. म्हटलं, माझी आईही राहिली असती इथं. ह्यांनी ताकाचा भुरका मारला.

"तेव्हा गाडी होती ना."

गाडी! तेव्हाच दोन वर्षं बंद पडून होती ती. टायरांत उंदरांनी पिल्लं घातली होती.

१९ नोव्हेंबर
हे अहिल्याबाई घाटावरच्या गुरुजींना भेटून आले. संकल्प सोमवारी. नवी चादरही आणली, आपल्या हातानं.

२१ नोव्हेंबर
नाशिकहून फोन. काका पहाटे झोपेतच गेले. हे देवघरासमोर बसून राहिले, चहासुद्धा घेतला नाही. मला वाईट वाटलं नाही. इथं तरी खोटं कशाला लिहू.

२४ नोव्हेंबर
सुतक फिटलं नाही अजून, आणि भाडेकरूची भाषा सुरू. कोणी बंगाली प्रोफेसर आहेत म्हणे, एकटेच, शांत स्वभावाचे. खोली रिकामी ठेवून करायचंय काय, असं मलाच विचारतात.

२५ नोव्हेंबर
माझी गादी, कपड्यांची पेटी, आईचा फोटो, सगळं त्या खोलीत नेलं. हे दारात येऊन उभे.

"बकुळ, किती दिवस हे?"

म्हटलं, "मरेपर्यंत."