शंभर वर्षांचं युद्ध आणि पोस्टमास्तरांचा चष्मा

तीर्थरूप भावोजींना वाकून (गुडघा परवानगी देईल तेवढंच वाकून) नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. तीन प्रश्न, खाली सही, बस्स. तब्येतीबद्दल अवाक्षर नाही. ताई जाऊन आठ महिने झाले. तुम्ही त्या घरात एकटे, जेवता काय, झोपता कधी, हे मी कोणाला विचारायचं? दर पत्रात माझ्याकडे या म्हणतो, त्यावर तुम्ही खेळाचा प्रश्न घालता. असो.

यावेळी मात्र तुमच्या इतिहासाच्या प्रश्नापायी माझ्या पोटावर पाय यायची वेळ आली. शंभर वर्षांचं युद्ध किती वर्षं चाललं? आमच्या चष्म्याच्या दुकानाची पद्धत तुम्ही पाहिली आहे. पडद्यामागे डॉक्टरीणबाई डोळे तपासून आकडे मोठ्यानं सांगतात आणि बाहेर टेबलाशी बसून मी ते कागदावर उतरवतो (बाईंचं अक्षर बाईंनाच लागत नाही). मंगळवारी एक निवृत्त पोस्टमास्तर पाळीची वाट बघत बसले होते. माझं मन कशात लागत नव्हतं, म्हणून तुमचा प्रश्न त्यांच्यापुढे टाकला. ते म्हणाले, शंभर, त्यात विचारायचं काय. मी नुसता हसलो (माझं हसू माणसाला झोंबतं असं ताई म्हणायची). तेवढ्यात त्यांना आत बोलावलं. बाईंनी डाव्या डोळ्याचा नंबर सांगितला, आता तिरपेपणाचा कोन सांगणार, तर पडद्याआडून आवाज आला, "एकशे सोळा." मी मुकाट्यानं कोनाच्या रकान्यात लिहिलं. आवाज जाडा होता, पण बाईंना आठवडाभर सर्दी आहे. मग बाईंनी सांगितलेला खरा कोन उजव्या डोळ्याखाली गेला आणि तिथून सगळं एकेक घर सरकलं.

नवा चष्मा लावून पोस्टमास्तर घरी निघाले ते सरळ रस्त्यानं तिरपे चालत न्हाव्याच्या दुकानात शिरले. परत आले तेव्हा कपाळाला टेंगूळ होतं. म्हणाले, "चष्म्याचं मागनं बघू. एकशे सोळा बरोबर की नाही, ते आधी सांगा." बरोबर म्हटल्यावर त्यांचा राग उतरला, पण मालकांचा नाही. आता मी मागच्या खोलीत काचा घासण्याच्या यंत्रावर असतो. दिवसभर घरघर, बोलायला कोणी नाही. खरं सांगतो भावोजी, फार उदास वाटतं.

तर उत्तरं अशी. युद्ध एकशे सोळा वर्षं. मागे मागे जाऊन जिंकायचा खेळ रस्सीखेच. उलटा वाचला तरी तोच राहणारा पाच अक्षरी शब्द नवजीवन.

तुमचा मेहुणा

ता. क. उत्तरं मला पाठ होती. हेच तीन प्रश्न तुम्ही सलग तिसऱ्या महिन्यात पाठवलेत, ह्याच क्रमानं. आधी दोनदा मी नव्यानं डोकं खाजवल्यासारखं करून उत्तरं लिहिली. ह्यावेळी तसं नाटक करायचा धीर झाला नाही. निदान एखाद्यानं तरी त्यातला एक पहिल्यांदा ऐकावा, म्हणून पोस्टमास्तरांना विचारला.

आणखी एक ता. क. रविवारी सकाळी तुम्हाला न्यायला येतोय, कायमचं. बॅग भरून ठेवा. हे वाचून विसरलात तरी हरकत नाही, आल्यावर मी भरीन. मी कोण ते आठवलं नाही, तरी दार तेवढं उघडा.